नवकारशीच्या उजेडातील छायाचित्र

जानेवारी उजाडला की बारावीच्या वर्गांना निरोपाचे वेध लागतात. फेब्रुवारीत मंडळाची लेखी परीक्षा सुरू होते. तिच्या आधी निरोप समारंभ होतो आणि त्या निमित्ताने मुलामुलींची छायाचित्रे काढली जातात. एके काळी हे काम तालुक्याच्या गावातील स्टुडिओत होत असे. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर धबधबा किंवा बर्फाचे डोंगर, समोर लाकडी स्टूल आणि ‘हलू नका’ ही सूचना. आताच्या मुलांना मात्र मोकळ्या उजेडातला, घराबाहेरचा फोटो हवा असतो. अमेरिकेतील शाळांत शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतंत्र व्यक्तिचित्र काढून ते शाळेच्या वार्षिकांकात छापण्याची प्रथा जुनी आहे. मोबाइलच्या पडद्यावरून ती हौस मोताळा तालुक्यातील धामणगाव बढेसारख्या गावापर्यंत पोहोचली, यात नवल नाही.

घरातील वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटतो. परीक्षा तोंडावर आली असताना फोटो कसले काढता, असा त्यांचा प्रश्न असतो, आणि तो अगदीच गैर नाही. परंतु या छायाचित्राकडे हौस म्हणून न पाहता घरातील एक नोंद म्हणून पाहिले, तर त्याचे मोल वेगळे दिसू लागते.

व्यापारी कुटुंबांत बारावी ही केवळ इयत्ता नसते. त्या वर्षानंतर मुले पुण्याला, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला किंवा कोटाला जातात. मलकापूरच्या स्थानकावर बॅगा चढवल्या जातात आणि घरातील एक खोली रिकामी होते. पुढे शिक्षण, नोकरी, लग्न. सुटीत मुले येतात, पण पाहुण्यासारखी. दुकानाच्या गादीवर पुढची पिढी बसेल की नाही, हा प्रश्न अनेक घरांत उघडपणे विचारला जात नाही. तो मनात मात्र असतोच. म्हणून बारावीच्या वर्षी काढलेले छायाचित्र हे पुष्कळदा ‘या घरचे, या गावचे लेकरू’ म्हणून काढलेले शेवटचे छायाचित्र ठरते. ते कसे निघावे, हा प्रश्न त्यामुळे लहान राहत नाही.

अशा घरांतील भिंतींवरच्या तसबिरी निरखून पाहाव्यात. पणजोबांचा चेहरा बहुधा एखाद्या परवान्यासाठी काढलेल्या इंचभर फोटोवरून मोठा केलेला असतो. कडा पुसट, डोळे नंतर रंगवलेले. पणजीचा तर अनेक घरांत फोटोच नसतो. ज्यांनी पेढी उभी केली, त्यांचा खरा चेहरा, त्यांचे अंगण, त्यांच्या दुकानाची पायरी कोणी टिपलीच नाही. त्या काळी साधन नव्हते. आज साधन प्रत्येकाच्या खिशात आहे; उणीव आहे ती विचाराची.

उजेडाची वेळ

छायाचित्र उजेडाने घडते, यंत्र त्यानंतर येते. जैन घरांना या बाबतीत एक सोय आपोआप मिळालेली आहे. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, नवकारशीचे पच्चक्खाण असते. तेवढा वेळ अन्नपाणी घेतले जात नाही. बाहेर चेहऱ्याचे छायाचित्र काढण्यासाठी दिवसातील सर्वांत चांगला उजेड नेमका त्याच वेळी असतो. सूर्य क्षितिजालगत असल्याने त्याचे किरण वातावरणाच्या जाड थरातून येतात. वाटेत निळा प्रकाश विखुरतो आणि उरलेला उजेड सोनेरी, मवाळ होतो. तो वरून न पडता समोरून किंवा बाजूने येतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली साचत नाही. धामणगाव बढेच्या परिसरात फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे सात ते पावणेआठ हा काळ छायाचित्राचा. नवकारशी पाळेपर्यंत फोटो निघालेले असतात, आणि साडेआठला विद्यार्थी पुन्हा अभ्यासाला बसू शकतो. परीक्षेचा वेळ वाया जाईल, ही वडिलांची चिंता इथेच मिटते.

असाच उजेड सूर्यास्तापूर्वीही मिळतो. परंतु ज्या घरांत चौविहार पाळला जातो, तेथे ती वेळ स्वयंपाकघरातील घाईची असते. आई ताटे वाढत असताना तिला ‘फोटोसाठी चल’ म्हणणे योग्य नव्हे, आणि आईवाचून हा फोटो काढण्यात अर्थही नाही. तेव्हा सकाळच बरी.

दुपार मात्र कटाक्षाने टाळावी. परीक्षा संपल्यावर एप्रिल-मेमध्ये फोटो काढायचे ठरले, तर ही दक्षता अधिकच हवी; कारण मेच्या उत्तरार्धात या भागात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्या उजेडात कपाळ व नाक चकाकतात, डोळे मिटतात आणि हसू ओढूनताणून आणावे लागते. नाइलाजच झाला, तर ओसरीत, लिंबाच्या दाट सावलीत किंवा दुकानाच्या शटरखाली, उघड्या बाजूकडे तोंड करून उभे राहावे. तेथे ऊन नसते, पण आकाशाचा भरपूर उजेड चेहऱ्यावर येतो.

जागा आपली असावी

जागा निवडताना बहुतेकांचा ओढा दूरच्या ठिकाणाकडे असतो. राजूर घाट चढून बुलढाण्याला जावे, लोणारच्या सरोवराकाठी उभे राहावे, असे मुलांना वाटते. ही ठिकाणे सुंदर आहेत, परंतु तेथे काढलेला फोटो हा सहलीचा फोटो होतो. ज्या अंगणात मूल रांगले, ज्या पायरीवर बसून त्याने पाढे पाठ केले, ज्या गादीशेजारी बसून शाळेतून आल्यावर गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून दिले, ती जागा त्याच्या चेहऱ्यामागे असावी. वीस वर्षांनी लोणारचे सरोवर पुन्हा पाहता येईल. आजोबांचे दुकान तसेच असेल याची शाश्वती नाही. स्टुडिओतील पडद्यावरचे बर्फाचे डोंगर जाऊन त्यांच्या जागी दुसरे एखादे परके दृश्य आले, तर साधले काय?

गावाबाहेर जायचेच असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत घाटाखालची शेते पाहण्यासारखी असतात. हरभरा घाट्यावर आलेला, गहू ओंबीत, कपाशीची शेवटची बोंडे पऱ्हाटीवर उरलेली. मात्र शेत हे कोणाच्या तरी कष्टाचे आहे. न दिलेली वस्तू घेणे म्हणजे अदत्तादान. मग न विचारता दुसऱ्याच्या शेतात शिरून उभे पीक तुडवणे हे काय झाले? शेतकरी बहुधा दुकानाच्या ओळखीचाच असतो. त्याला आदल्या दिवशी विचारावे, धुऱ्यावर उभे राहून फोटो काढावा आणि निघालेल्या चित्राची एक प्रत त्यालाही द्यावी.

अहिंसेचा विचारही इथे आपसूक येतो. दवाने भिजलेल्या हिरवळीवर मुलीला बसवणे, फांदी वाकवून तोडणे, हातात धरण्यासाठी फुले खुडणे, पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवणे हे प्रकार फोटोसाठी सर्रास केले जातात. वनस्पतिकाय आणि अप्काय जीवांची विराधना होऊ नये, हे ज्या घरात लहानपणापासून शिकवले जाते, त्या घरातील मुलाने आयुष्यातील एका महत्त्वाच्या दिवशी ते विसरावे, हे बरे नाही. पायवाट, कोरडी जमीन, दगडी कट्टा, जुना लाकडी दरवाजा या जागा चित्रातही अधिक शोभतात, कारण त्यांच्यापुढे चेहरा ठळक उठतो. हिरव्या पानांच्या अगदी जवळ उभे राहिल्यास तो रंग चेहऱ्यावर परावर्तित होतो आणि त्वचा आजारी दिसते. शेतात काढलेल्या पुष्कळ फोटोंचा हा दोष असतो.

वेशभूषेबाबतही थोडक्यात सांगता येईल. एक फोटो शाळेच्या गणवेशात आणि एक नेहमीच्या आवडत्या कपड्यांत काढावा. भाड्याचा झगा किंवा उसना सूट अंगावर चढवला की मूल अवघडते आणि ते अवघडलेपण चेहऱ्यावर उतरते. बारीक चौकटींचे कापड टाळावे. कॅमेऱ्यात त्यावर विचित्र लाटा उमटतात. रेशीम न वापरणाऱ्या घरांना सुती कापडाचा संकोच वाटण्याचे कारण नाही. सुती कापडावर उजेड शांतपणे पसरतो. पांढरे कपडे असतील, तर कॅमेरा फसतो आणि चित्र गरजेपेक्षा गडद काढतो, म्हणून उजेड किंचित वाढवून घ्यावा.

साध्या साधनाने

यासाठी महाग कॅमेरा लागतोच असे नाही. कसलेले छायाचित्रकार व्यक्तिचित्रासाठी ८५ मिलिमीटरच्या आसपासचे भिंग का पसंत करतात, हे समजून घेतले तर मोबाइलवरही बरेच साधते. त्या भिंगामुळे थोडे लांब उभे राहावे लागते, आणि लांबून पाहिलेला चेहरा प्रमाणात दिसतो. मोबाइलचे नेहमीचे भिंग रुंद असते. ते हातभर अंतरावर नेले की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. म्हणून दोन-अडीच मीटर मागे सरकावे आणि ‘दोन पट’ हा पर्याय वापरावा. मोबाइल मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. पडद्यावर चेहऱ्याला, शक्यतो जवळच्या डोळ्याला, स्पर्श करून तेथे नेम स्थिर करावा. डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे. तो नसेल, तर मुलाला थोडे उजेडाकडे वळवावे. सूर्य पाठीशी असेल आणि चेहरा काळवंडत असेल, तर समोर कोणीतरी पांढरी चादर धरावी. तिच्यावरून परतलेला उजेड पुरेसा होतो आणि हे काम धाकटे भावंड आनंदाने करते. पार्श्वभूमी आपोआप पुसट करणारी जी सोय मोबाइलमध्ये असते, ती गणिताने अंदाज बांधते. केसांच्या बटा आणि चष्म्याच्या कडा तिच्यात अनेकदा कापल्या जातात. मुलाला भिंतीपासून चार पावले पुढे उभे केले, तर त्या सोयीवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही.

फोटो कोणी काढावा, याला यंत्राहून अधिक महत्त्व आहे. या संदर्भात एका जैन छायाचित्रकाराची आठवण उपयोगी पडेल. मीरतजवळच्या सरधना येथे, जवाहिऱ्यांच्या जैन कुटुंबात १८४४ मध्ये जन्मलेले लाला दीनदयाळ हे रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि तेथे छायाचित्रणाकडे वळले. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाने त्यांना आपला दरबारी छायाचित्रकार नेमले आणि ‘राजा’ हा किताब दिला. त्यांनी संस्थानिकांचे थाट टिपले, हे प्रसिद्ध आहे; पण १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी एक वेगळा स्टुडिओ उघडला आणि त्याची सूत्रे एका स्त्रीकडे दिली, हे फारसे सांगितले जात नाही. समोर कोण उभे आहे आणि ते कोणासमोर मोकळे होईल, हे त्यांनी ओळखले होते. जवाहिऱ्याच्या घरातून आलेली ती पारख म्हणायला हरकत नाही. बारावीतील मुलीचा फोटो थोरल्या बहिणीने, वहिनीने किंवा मैत्रिणीने काढला, तर तिच्या चेहऱ्यावर जे स्वाभाविक हसू येईल, ते परक्या माणसाच्या ‘स्माइल प्लीज’ने येणार नाही.

चेहरा जसा आहे तसा

आता या विषयातील सर्वांत नाजूक भाग. फोटो काढून झाला की तो ‘सुधारण्याची’ घाई होते. बोट फिरवले की रंग उजळतो, मुरुमे नाहीशी होतात, गाल आत जातात, डोळे मोठे होतात. अनेक मोबाइलांत, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यात, ही सोय न मागताच चालू असते. फोटो काढण्याआधी ती बंद करावी लागते. पुष्कळ घरांत हे निरुपद्रवी मानले जाते. ते तसे आहे का, याचा विचार व्हावा.

सतरा वर्षांच्या मुलीने आपला सावळा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरला आणि घरच्यांनी तो गोरा करून परत दिला, तर तिला काय सांगितले गेले? ‘तू जशी आहेस तशी दाखवण्याजोगी नाहीस.’ हे वाक्य घरात कोणी मोठ्याने उच्चारत नाही, पण मुलीला ते ऐकू येते आणि ती ते सोबत घेऊन वसतिगृहात जाते. ज्या दिवशी घराने तिला सर्वांत अधिक विश्वास देऊन पाठवायचे, त्याच दिवशी हा संदेश तिच्या हाती पडतो. व्यापारात माल आहे तसा दाखवावा, वजनात आणि वाणात फसवू नये, हे श्रावकाचे आचरण मानले जाते. सत्याचे अणुव्रत तराजूपुरते ठेवायचे आणि लेकीच्या चेहऱ्यापाशी सोडून द्यायचे, हे सुसंगत नाही. दोन दिवसांत बसणारा मुरूम पुसला तर बिघडत नाही. उजेड कमी-अधिक करणे हाही कारागिरीचा भाग आहे. पण जन्मखूण, रंग, नाकाची ठेवण, आजीसारखी हनुवटी ही पुसण्याची गोष्ट नव्हे. वीस वर्षांनी तीच ओळखीची खूण शोधली जाईल.

याच्याशीच निगडित दुसरी गोष्ट. हे फोटो चांगले निघतात आणि म्हणून ते लवकरच दुसऱ्या कामी लावले जातात. कोणी काकू म्हणतात, ‘किती छान आलाय, बायोडाट्याला ठेवून द्या.’ काही घरांत तो मुलीला न विचारता परिचयाच्या गटात पाठवलाही जातो. कायद्याने मुलीचे विवाहवय १८ आणि मुलाचे २१ आहे. बारावीतील मुलगी बहुधा अजून सज्ञानही झालेली नसते. शिक्षणाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलीला जेव्हा कळते की तिच्या निरोपाचा फोटो कोणत्यातरी अनोळखी घरात चौकशीसाठी फिरत आहे, तेव्हा तिला आपण या घरातून शिकण्यासाठी नव्हे, तर तात्पुरते बाहेर पाठवले जात आहोत असे वाटू लागते. अदत्तादानाचा नियम शेतकऱ्याच्या धुऱ्याला लागू होतो, तसाच तो मुलीच्या चेहऱ्यालाही लागू होतो. तिने जो फोटो ज्या कामासाठी दिला, त्याच कामासाठी तो वापरावा. मुलांच्या बाबतीतही हेच. शिवाय मोबाइलच्या फोटोत तो कोठे काढला त्या जागेची नोंदही दडलेली असू शकते. बाहेर पाठवण्यापूर्वी ती काढून टाकणे शहाणपणाचे असते.

थोडे ठेवावे, जपून ठेवावे

पूर्वी कॅमेऱ्याच्या रोलमध्ये ३६ चित्रे निघत. प्रत्येक वेळी कळ दाबताना खर्च डोळ्यांसमोर असे, म्हणून माणूस पाहून, थांबून फोटो काढी. आज एका सकाळी तीनशे फोटो निघतात आणि त्यांतील एकही नीट पाहिला जात नाही. परिग्रहाचे परिमाण केवळ धनधान्याला लावायचे असे नाही. त्याच दिवशी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून पाच फोटो निवडावेत: एक चेहऱ्याचा, एक गणवेशातला, एक आई-वडिलांसह, एक आजी-आजोबांसह आणि एक दुकानाच्या किंवा घराच्या दारातला. बाकीचे पुसून टाकावेत. निवड मुलाने करावी. मोठ्यांनी मत द्यावे, निर्णय देऊ नये.

निवडलेले फोटो छापून घ्यावेत. मोबाइल हरवतो, बिघडतो, बदलला जातो; कागद कपाटात राहतो. छपाईला देताना व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवू नये, त्यात त्याचा दर्जा घटतो; तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा किंवा मूळ फाइल द्यावी. ४ बाय ६ इंचांच्या स्वच्छ छपाईसाठी साधारण १२०० बाय १८०० बिंदू पुरतात, आणि भिंतीवर लावण्याजोग्या ८ बाय १२ इंचांसाठी २४०० बाय ३६०० लागतात. आजचे बहुतेक मोबाइल एवढे सहज देतात.

छापलेल्या प्रतीच्या मागे, मऊ पेन्सिलीने, चार गोष्टी लिहाव्यात: नाव, वय, स्थळ आणि तिथी-तारीख. व्यापारी माणसाला याचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही. नोंद नसलेला व्यवहार पुढच्या पिढीला उलगडत नाही. नाव नसलेला फोटो पन्नास वर्षांनी कोणाचाच राहत नाही. जुन्या पेट्यांतून निघणारे कितीतरी चेहरे आज एवढ्याच कारणाने अनाथ आहेत.

एक प्रत घरी राहावी आणि एक मुलाच्या बॅगेत जावी. वसतिगृहाच्या खोलीत पहिल्या आठवड्यात झोप येत नाही. त्या वेळी मोबाइलवरच्या शेकडो चित्रांपेक्षा वहीत ठेवलेला एक कागद अधिक सोबत करतो. त्यावर स्वतःचा चेहरा असतो, जसा आहे तसा. मागे घराचे दार असते आणि दारात, पदर सावरत उभी असलेली, नवकारशी अजून पाळायची बाकी असलेली आई असते.